ऊसतोड आणि मातीतले जिवाणू: नुकसान नेमके कुठे होते

खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या जमिनीत उरलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक, पिवळा पडला की खताचा डोस तपासला जातो, पाण्याच्या पाळ्या मोजल्या जातात. तोडणी कशी झाली होती, हे क्वचितच कुणी विचारते. खरे तर मातीतल्या जिवाणू-बुरशींना पुढचे वर्षभर खायला काय मिळणार आणि त्यांच्यासाठी मातीत हवा उरणार की नाही, या दोन्ही गोष्टी तोडणीच्या त्या दोन-चार दिवसांत ठरतात. त्या बिघडल्या की नंतर आणलेल्या कल्चरच्या (जिवाणू संवर्धनाच्या) बाटल्या फारसे काही करू शकत नाहीत.

आधी आगीबद्दल. पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवले की जमिनीतले सगळे जिवाणू मरतात, असे सरसकट सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. आणि असे कारण सांगितले की पंचाईत होते, कारण जाळलेल्या शेतातला खोडवा महिन्याभरात हिरवागार उठतो आणि सांगणाराच खोटा ठरतो.

कोरडी माती उष्णता फार हळू वाहून नेते. उभा ऊस पेटवला तर ज्वाळा वेगाने पुढे सरकते. तिची धग मुख्यतः वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरालाच लागते. तोडणीनंतर जमिनीवर पसरलेले पाचट जाळणे जास्त वाईट. ते धुमसत राहते, मातीला चिकटून जळते आणि धग अधिक वेळ टिकते. त्यात माती ओलसर असेल तर तापमान कमी चढते, पण ओली उष्णता कोरडीपेक्षा कमी तापमानाला जीव घेते. सर्वांत आधी बुरशी मरते. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणूही नाजूकच. बॅसिलससारखे बीजाणू धरणारे जिवाणू मात्र तग धरतात. पुढच्या काही आठवड्यांत खालच्या थरातून जीव वर येतात आणि संख्या बऱ्यापैकी भरून निघते.

मग तो हिरवेपणा कुठून येतो? राखेतले पालाश आणि चुन्याचे क्षार वरच्या थराचा सामू (pH) वाढवतात. मेलेल्या जिवाणूंच्या शरीरातले नत्र मोकळे होते. उघड्या जमिनीवर ऊन पडून ती लवकर तापते, त्यामुळे फुटवेही लवकर निघतात. शिलकीतले नत्र एकदम खर्चून आलेली ही उसळी असते आणि ती काही आठवडेच टिकते.

खरे नुकसान पुढच्या वर्षभराच्या अन्नाचे होते. एका हेक्टरमधून साधारण ८ ते १० टन वाळलेले पाचट निघते. जोमदार पिकात त्याहून जास्त. त्यात ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब, ०.४२ ते ०.५० टक्के नत्र, ०.१७ ते ०.२० टक्के स्फुरद आणि ०.९ ते १ टक्का पालाश असते. म्हणजे १० टनांत ४२ ते ५० किलो नत्र, युरियाच्या भाषेत ९० ते ११० किलो. जाळल्यावर यातले बहुतांश नत्र आणि गंधक वायू होऊन उडते. स्फुरद-पालाश राखेत उरते खरे, पण ती राख वाऱ्याने बांधाबाहेर जाते किंवा पहिल्या पाण्याबरोबर वाहते. आणि सुमारे साडेतीन टन कर्ब, जो मातीतल्या जिवांचे इंधन आहे, धूर होऊन जातो. हे एकदा घडले तर जमीन सावरते. दर वर्षी घडले तर जिवांची संख्या आणि विविधता दोन्ही हळूहळू खाली येतात, इतक्या हळू की डोळ्यांना फरक दिसत नाही.

तो फरक दिसायला दीर्घ प्रयोग लागतो, आणि सुदैवाने तसा एक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या माउंट एजकोम्ब येथे १९३९ पासून एकाच जागी जाळलेला आणि न जाळलेला ऊस शेजारी शेजारी घेतला जातो. जाळून सगळे उचलले, जाळून वाडे (उसाचे हिरवे शेंडे) मात्र शेतात ठेवले, आणि न जाळता सगळे पाचट ठेवले, अशा तुलनेत मातीतला कर्ब आणि जिवाणूंचे एकूण वजन याच क्रमाने वाढत गेलेले दिसले. मातीचे कण पाण्यात टिकून राहण्याची ताकदही पाचट ठेवलेल्या भागात जास्त होती. हा फरक प्रामुख्याने वरच्या १० सेंटिमीटर थरातच होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माती परीक्षणाला २०-३० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा नमुना घेतला की हा फरक खालच्या मातीत मिसळून पुसट होतो आणि ‘पाचट ठेवूनही कर्ब वाढत नाही’ अशी तक्रार येते. पाचटाचा परिणाम पाहायचा असेल तर ० ते ५ आणि ५ ते १५ सेंटिमीटर असे दोन वेगळे नमुने घ्यावेत.

पाचट ठेवायचे ठरले की पहिली अडचण नत्राची येते. जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २४:१ या प्रमाणात लागतात: २४ भागांतले १६ श्वसनात जातात आणि ८ शरीर बांधायला. पाचटात हे प्रमाण ८० च्या आसपास आहे. कमी पडणारे नत्र जिवाणू मातीतून ओढून घेतात, आणि नेमक्या त्याच वेळी खोडव्याला नवे फुटवे फुटत असतात. त्या दिवसांत पाने फिकट होतात ती यामुळे. हे नत्र कुठे जात नाही, जिवाणूंच्या शरीरात अडकते आणि पुढे ते मेले किंवा खाल्ले गेले की परत मिळते. पण कोवळ्या फुटव्याला तेवढी वाट पाहता येत नाही.

म्हणून दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन, हे प्रमाण सांगितले जाते. हिशोब करून पाहा. एका टनात सुमारे ३६० किलो कर्ब आणि साडेचार किलो नत्र असते. ८ किलो युरियातून ३.७ किलो नत्र मिळाले की प्रमाण ८० वरून ४४ वर येते. २४ पर्यंत ते आणायची गरज नसते, कारण सगळे पाचट एकाच दिवशी कुजत नाही. यापेक्षा जास्त युरिया ओतला तर कुजणे फारसे वाढत नाही, अमोनिया मात्र उडून जातो.

पाचट किती आहे याचा अंदाज करायची सोपी रीत म्हणजे एक मीटर बाय एक मीटर जागेतले कोरडे पाचट गोळा करून वजन करणे. १ किलो भरले तर हेक्टरी १० टन. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी, कारण यंत्राने तोडलेल्या शेतात पाचट कुठे ढिगाने तर कुठे विरळ पडते.

पुढचे काम क्रमाने व्हावे लागते. आधी बुडख्यांवरचे पाचट बाजूला सारून सरीत दाबावे. बुडखा झाकलेला राहिला तर खाली गारवा आणि अंधार राहतो, फुटवे उशिरा येतात, आणि जमीन चिबड असेल तर डोळे कुजतात. थंडीत तोडलेल्या उसात हे हमखास घडते. त्यानंतर कुट्टी यंत्राने १० ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करावेत. अखंड पानावर मेणासारखा थर असतो, पाणी ओघळून जाते; तुकडा झाला की कापलेल्या कडांतून ओल आणि बुरशी आत शिरते. मग युरिया आणि सुपर फॉस्फेट पसरून पाणी द्यावे. संवर्धन शेवटी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल्या पाचटावर, ऊन उतरल्यावर टाकावे. युरिया आणि संवर्धन एकाच घमेल्यात कालवून फेकतात, ते टाळावे. क्षारांच्या तीव्र द्रावणात जिवाणू तिथेच मरतात.

खोडव्याचे मुख्य नत्र मात्र पाचटावर कधीही फोकू नये. पाचटात युरियेज हे युरिया फोडणारे विकर (एन्झाइम) भरपूर असते. ओलसर पाचटावर पडलेला युरिया मातीला लागण्याआधीच फुटतो आणि नत्राचा मोठा वाटा हवेत जातो. पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर तितकेच खोल छिद्र घ्यावे, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि खत आत टाकून छिद्र बुजवावे. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांत, दुसरा सुमारे १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूने. यात कष्ट आहेत, पण पाचट न हलवता मुळांशी खत पोचवण्याचा याहून चांगला मार्ग नाही. शिवाय नत्र खाली आणि कर्ब वर राहिल्याने पाचटावरचे जीव पिकाच्या वाट्याला कमी हात लावतात.

सहा-सात आठवड्यांनी सरीतले पाचट हाताने थरथर उचलून पाहावे. वरचा थर पिवळा, कोरडा, जवळजवळ तसाच. त्याखाली पाने एकमेकांना चिकटलेली, तपकिरी, काळ्या ठिपक्यांची. पानांमधून पांढरे बारीक धागे गेलेले. हे बुरशीचे तंतू. पानाचा पातळ भाग झिजून जाळी झालेली असते आणि मधली शीर तेवढी शाबूत, कारण तिच्यात लिग्निन, म्हणजे सावकाश कुजणारा कठीण घटक, जास्त. आणखी खाली मातीला टेकलेल्या थरात पान ओळखू येत नाही, गांडुळांच्या विष्ठेचे दाणे दिसतात आणि पहिल्या पावसानंतर येतो तसा वास येतो. हा वास स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या जिवाणूंच्या जिओस्मिनचा. याउलट आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, पाने काळी बुळबुळीत दिसली, तर तिथे पाणी साचून हवा संपली आहे. अशा वेळी संवर्धन आणखी टाकून काही होत नाही. चर काढून पाणी बाहेर न्यावे आणि पाचट उकरून मोकळे करावे. सगळे थर कोरडे आणि जसेच्या तसे असतील तर पाचटापर्यंत पाणीच पोचलेले नाही. ठिबकाच्या शेतात हे नेहमी होते. तिथे पाचटाची पट्टी नळीच्या ओलीत येईल अशी सरकवावी.

वर्षभरात पाचटाचा बहुतेक भाग संपतो. त्यातला बराचसा कर्ब श्वसनातून कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, थोडाच मातीत मुरतो. म्हणून एका वर्षात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याने वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. गांडुळे, मातीची भुसभुशीतता, पाणी मुरण्याचा वेग या गोष्टी आधी सुधारतात.

हुमणी मरते म्हणून पाचट जाळावे, हा समज अजून टिकून आहे. हुमणीची अळी मातीत मुळांपाशी असते, तिथे धग पोचत नाही. पृष्ठभागावर फिरणारे कोळी, मुंग्या आणि परभक्षी भुंगे मात्र जळतात.

आता चाकांकडे वळू, कारण आग थांबली की प्रश्न सुटला असे होत नाही. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००२ मध्ये ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. यंत्राने तोडता येणाऱ्या क्षेत्रासाठी २०२१ आणि उरलेल्यासाठी २०३१ ही मुदत होती. २००७ च्या करारात ती २०१४ आणि २०१७ वर आणली गेली. पाचट जमिनीवर राहू लागले, पण हिरवा ऊस तोडण्यासाठी यंत्रे आली आणि जमीन दबण्याचा प्रश्न मोठा झाला. ऑस्ट्रेलियात १९९३ मध्ये सुरू झालेल्या ऊस उत्पादन-घट संशोधन कार्यक्रमातही हेच पुढे आले. वर्षानुवर्षे उसावर ऊस, जड यंत्रांची ये-जा आणि अतिमशागत या तिन्हींनी मिळून मातीतला समतोल बिघडवला होता; मुळे कुजवणारी बुरशीसारखी पॅकिमेट्रा आणि मुळांवर जगणारे प्रॅटिलेंकस सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) वरचढ झाले होते. तिथे एक साधी पण बोचणारी गोष्ट होती: ओळींतले अंतर दीड मीटर आणि यंत्राच्या चाकांतले अंतर सुमारे १.८ मीटर. म्हणजे चाक सरीत न राहता बुडख्याच्या कडेवरून जात होते.

दबलेल्या मातीत जिवाणूंचे काय होते, हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. जिवाणू एका मायक्रॉनच्या आसपासचा, त्याला बारीक पोकळीही पुरते. जिवाणू खाणारे आदिजीव आणि निरुपद्रवी सूत्रकृमी मोठे; सूत्रकृमीला साधारण ३० मायक्रॉन किंवा त्याहून रुंद वाट लागते. चाक गेले की आधी मोठ्या पोकळ्याच मिटतात. जिवाणू आतल्या आत उरतात आणि त्यांना खाणारे बाहेर राहतात. तोटा इथेच होतो, कारण जिवाणूंच्या शरीरात खाणाऱ्याच्या गरजेपेक्षा जास्त नत्र असते आणि जास्तीचे नत्र अमोनियम रूपात बाहेर टाकले जाते. पिकाला मिळणाऱ्या नत्राचा एक मोठा झरा हाच आहे. भरीस भर म्हणजे मोठ्या पोकळ्या गेल्याने हवा खेळत नाही. पाणी दिल्यावर ऑक्सिजन संपतो आणि काही जिवाणू नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात. दिलेले नत्र नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रोजन वायू होऊन उडते. नायट्रस ऑक्साइड हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रबळ आहे. पाचट भरपूर, नत्र भरपूर आणि जमीन दबलेली व ओली, हा संयोग सर्वांत वाईट.

चाकाच्या एकूण दाबापैकी सर्वांत जास्त नुकसान पहिल्याच फेरीत होते. म्हणून ‘थोडे थोडे सगळीकडून’ नेणे हा चुकीचा मार्ग. ट्रॉलीसाठी ठराविक सऱ्या ठरवाव्यात आणि सगळ्या फेऱ्या त्यातूनच कराव्यात. तेवढ्या पट्ट्या गेल्या तरी बाकीचे शेत वाचते. पट्टा पद्धत (जवळच्या दोन ओळींनंतर मोकळा पट्टा) किंवा यंत्राच्या चाकांशी जुळणारे अंतर लागवडीच्या वेळीच ठेवावे, नंतर ते बदलता येत नाही. भारी जमिनीत तोडणीआधी किमान १५ दिवस पाणी तोडावे. १० ते १५ सेंटिमीटर खालची माती हातात घेऊन वळावी. तळव्यावर दोरी वळता आली तर त्या दिवशी यंत्र आत सोडू नये. कारखान्याची पाळी चुकते म्हणून ओल्यात वाहन घातले जाते, हे समजते, पण त्या एका दिवसाची किंमत पुढचे दोन खोडवे मोजतात. टायरची हवा कमी केल्याने वरच्या थरावरचा दाब घटतो. खोलवरचा दाब मात्र अक्षावरच्या एकूण वजनावर ठरतो. ट्रॉली अर्धी भरून नेली तरच तो कमी होतो.

दबलेली सरी मोकळी करताना पुन्हा एक चूक होते. बगला फोडायला (सरीच्या कडा मोकळ्या करायला) फाळ खोल घालून सगळे शेत उलटले जाते. त्यात मुळांशी जोडलेल्या मायकोरायझा बुरशीचे जाळे तुटते आणि पाचटाने साठवलेला कर्ब हवा लागून झपाट्याने जळतो. दबलेल्या सरीपुरतीच नांगरट करावी, तीही वाफशावर (माती ना चिखल, ना कोरडी असताना). पाचट असलेल्या सऱ्यांना हात लावू नये.

कोयता किंवा यंत्राचे पाते जमिनीलगत, स्वच्छ आणि सपाट चालले पाहिजे. उंच राहिलेल्या बुडख्यावरचे डोळे फुटतात, पण त्यांची मुळे मातीत नीट पोचत नाहीत, आणि मुळांनी सोडलेल्या रसावर जगणाऱ्या जिवाणूंना त्या फुटव्याकडून काही मिळत नाही. बोथट पात्याने बुडखा चिरतो आणि चिरेतून लाल कुज, अननस रोग आत शिरतात. खोडवा खुजा ठेवणारा रोग तर पात्यावरच्या रसातूनच एका बेटाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून रोगट प्लॉटनंतर पाते धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय पुढे जाऊ नये. बुडख्यांवर लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम फवारायची शिफारस आहे. फवारा बुडख्यापुरताच ठेवावा. तेच औषध पाचटावर पडले तर कुजवणारी बुरशीही मरते, आणि संवर्धनातली ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी त्याला फारच संवेदनशील आहे. त्या दिवशी फवारणी आणि दुसऱ्या दिवशी ट्रायकोडर्मा, असे केले तर संवर्धनाचे पैसे वाया जातात. मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत आणि संवर्धनही फक्त सरीत टाकावे.

हे सगळे आपल्या शेतात कसे तपासायचे? तोडणीनंतर तीन महिन्यांनी, पाणी दिल्यावर वाफसा आला की, दोन खड्डे घ्यावेत, प्रत्येकी ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. एक ट्रॉली गेलेल्या सरीत, दुसरा न गेलेल्या. निघालेली माती गोणपाटावर पसरून गांडुळे मोजावीत. खड्ड्याच्या भिंतीत मुळे सरळ खाली जातात की एका खोलीवर आडवी वळतात, ते पाहावे. त्याच दोन जागी सुती कापडाची सारख्या मापाची पट्टी १० सेंटिमीटर खोल पुरून ठेवावी आणि दोन्ही एकाच दिवशी, सहा-आठ आठवड्यांनी काढाव्यात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. पाचट खाणारे जीवच तो खातात. एका सरीतली पट्टी चाळण झालेली आणि दुसरीतली धुऊन पुन्हा वापरता येईल अशी निघाली, तर पुढच्या तोडणीला ट्रॉलीची वाट कुठून ठेवायची आणि कुठल्या सरीत आधी पाचट भरायचे, हे आत्ताच बांधावर खुंट्या ठोकून ठरवून ठेवावे.